पोकळ कॉम्प्युटर आणि ताईचा डावा हात

आमच्या घरात कॉम्प्युटर आला, तेव्हा तो नेमका कुठे आहे हे शोधण्यातच आमची पहिली संध्याकाळ गेली.

रोह्याला ताईच्या सासरी बाहेरच्या खोलीत आम्ही सगळे जमलो होतो. शेजारचे चाचा मे महिन्यात दुबईहून लांब सुट्टीवर आले होते आणि येताना एक खोकं घेऊन आले होते. ते त्यांनी सर्वांसमक्ष उघडलं. वरचा थर्माकोल काढला. प्लास्टिकची पिशवी अशा हाताने सोडवली की आत तान्हं बाळ असावं. मग टेबलावर एक कीबोर्ड ठेवला. राखाडी, जाडसर, जेवायच्या पाटाएवढा. आम्ही कौतुकाने माना डोलावल्या आणि पुढच्या वस्तूची वाट पाहू लागलो. पुढची वस्तू काही येईना. शेवटी चाचांनी खोकं उलटं करून दाखवलं. त्यातून एक वायर पडली आणि थर्माकोलचे चार दाणे.

“बाकीचा?” माझ्याबरोबर पेणहून आलेल्या दादाने विचारलं.

“बाकीचा काय? हाच.”

“ही तर बटणं हायेत. कॉम्प्युटर कुठं हाय?”

“बटणांच्या खालीच हाय, शेठ. सगळा आतच बसवलाय. जपानी डोकं.”

दादाने तो उचलला. आता दादाने एखादी वस्तू उचलली की ती तपासली जाणार हे ठरलेलं. पेणला आमचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हटल्यावर कुणी चिमणी आणि भोंगा डोळ्यांपुढे आणू नये. पत्र्याची लांबच लांब शेड, शेडमध्ये फळ्या, फळ्यांवर गणपती आणि गणपतींच्या मधून वाट काढत फिरणारा दादा, एवढाच तो कारखाना. जन्मभर मूर्ती हाताळून दादाची अशी समजूत झाली होती की जगात दोनच प्रकारच्या गोष्टी आहेत, शाडूच्या आणि प्लास्टरच्या. शाडूची भरीव, जड, इमानदार. प्लास्टरची हलकी आणि आतून रिकामी. दूधवाला, डॉक्टर, होणारा जावई, सगळ्यांना तो याच मापाने मोजायचा. त्याने कीबोर्ड कानाशी धरला आणि बोटाच्या पेराने टकटक केलं.

“प्लास्टरचा हाय,” तो म्हणाला. “पोकळ.”

“पोकळ नाय हो, आत चिप हाय!”

“केवढी?”

चाचांनी करंगळीचं नख दाखवलं.

“मग बाकीचा पोकळच ना.”

चाचांनी करंगळी मिटून घेतली.

या सभेचे दुसरे तज्ज्ञ म्हणजे भावोजी, ताईचे यजमान. ते एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये होते आणि त्यांच्या कंपनीत कॉम्प्युटर होता. म्हणजे काचेच्या खोलीत होता आणि भावोजींनी तो काचेतून पाहिला होता. एकदा फ्यूज बदलायला ते चपला काढून आतही जाऊन आले होते. त्या दिवसापासून कॉम्प्युटर या विषयावर आमच्या खानदानात त्यांचा शब्द शेवटचा.

“खऱ्या कॉम्प्युटरला एसी लागतो,” भावोजी म्हणाले. “पडदे लागतात. बुटं बाहेर काढायला लागतात. याला काय लागतं?”

“टीव्ही लागतो,” चाचा म्हणाले.

सगळ्यांनी कोपऱ्यातल्या पलंगाकडे पाहिलं. त्या घरातला टीव्ही ताईच्या सासऱ्यांचा होता. म्हणजे घराचा होता, पण जसा देव सगळ्यांचा असतो आणि चावी पुजाऱ्याकडे असते, तसा. सासरे आतापर्यंत डोळे मिटून पडले होते. ‘टीव्ही’ हा शब्द ऐकून त्यांनी एक डोळा उघडला.

एवढा सगळा खल चालला होता तो जिच्यासाठी, तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ताई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती.

ताई गावाबाहेरच्या एका कंपनीत टायपिस्ट होती. साधीसुधी टायपिस्ट नव्हे. ती टाइप करायला बसली की गेटवरचा वॉचमन नुसत्या आवाजावरून सांगायचा, आज पत्र साध्या चौकशीचं आहे की कुणाला तरी नोटीस निघालीय. कंपनीत नवे मोठे साहेब आले. आल्याबरोबर त्यांनी नव्या साहेबांनी करायचं ते केलं, म्हणजे भिंतींना रंग दिला आणि सुधारणा जाहीर केली. ऑफिसातले दोन टाइपरायटर जाणार, एक कॉम्प्युटर येणार. टाइपरायटर दोन तशा टायपिस्टही दोन. कॉम्प्युटर एक तशी खुर्चीही एक. श्रावणात परीक्षा घेऊन कुणाला ठेवायचं ते ठरणार. जी हरेल तिला काढणार नव्हते, साहेब दयाळू होते. ती पॅकिंग शेडमध्ये जाऊन ड्रमांवर लेबलं चिकटवणार होती.

दुसरी टायपिस्ट नवी पोरगी होती. तिने पनवेलला कॉम्प्युटरचा क्लास केला होता आणि सर्टिफिकेट फ्रेम करून टेबलावर ठेवलं होतं. ताईने कॉम्प्युटरला अजून हात लावला नव्हता.

“मला लेबलं चिकटवायला नाय जायचं,” ताई दारातूनच म्हणाली. आवाज न चढवता. मग आत गेली आणि कुकरची शिट्टी काढली.

दादाने कीबोर्ड हळूच टेबलावर ठेवला. चाचा पुढे झाले. “असं करा. पोरीची परीक्षा होईस्तोवर ठेवा. वापरून बघा. घेण्यासारखा वाटला तर घ्या, नाय तर मी परत जाताना देऊन टाका. पैशाचं तवा बघू.” आणि निकाल सांगायची वेळ येईल तेव्हा निकाल ताईनेच द्यायचा, हेही तिथेच ठरलं.

वस्तू टीव्हीला जोडली. पडदा निळा झाला, त्यावर एक छोटा चौकोन लुकलुकू लागला. आम्ही सगळे त्या चौकोनाकडे पाहत बसलो. सासऱ्यांनी दोन्ही डोळे उघडले.

“बातम्या कुठं गेल्या?”

त्या घरात पुढे जे घडलं ते एका वाक्यात सांगता येतं, पण मी सांगणार नाही, कारण मजा जाते. संध्याकाळी सातपासून टीव्ही सासऱ्यांचा, मग सासूबाईंची मालिका, मग पुन्हा सासऱ्यांच्या बातम्या, कारण पहिल्या बातम्या खोट्या निघाल्या असल्या तर? ताई कंपनीतून येऊन, भाकऱ्या थापून, भांडी आवरून बसायची तेव्हा कॉम्प्युटर टेबलावर आणि टीव्ही सासऱ्यांच्या डोळ्यांत. खरा कॉम्प्युटर महाग का असतो याचा मला तिथे उलगडा झाला. त्याच्या किमतीत घरातली शांतता धरलेली असते. हा स्वस्तातला कॉम्प्युटर स्वतःचा पडदा आणत नव्हता, दुसऱ्याचा हिसकावत होता.

तरी ताईने निभावलं असतं. घात केला भजनांनी. त्या कीबोर्डाच्या पोटात काही राहायचं नाही. बटण बंद केलं की लिहिलेलं सगळं गेलं. राखून ठेवायचं तर टेपरेकॉर्डर जोडून कॅसेटवर घ्यायचं. ताईने एका रविवारी दुपारी सगळे झोपलेले असताना एक अख्खं पत्र लिहिलं, ‘विथ रेफरन्स टू युवर लेटर’पासून ‘युवर्स फेथफुली’पर्यंत, आणि हौसेने टेपमध्ये असलेल्या कॅसेटवर घेतलं. टेपमध्ये कॅसेट कुठली होती हे कुणीतरी बघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सासऱ्यांनी अंघोळ केली, गंध लावलं, टेपचं बटण दाबलं आणि डोळे मिटून हात जोडले. टाळमृदंगाच्या जागी त्यातून जो आवाज निघाला तो मी पुढे ऐकलाय. पत्र्याच्या डब्यात मांजर कोंडून तो डबा घाटावरून सोडून दिला तर साधारण तसा आवाज येईल. चाचा म्हणे लुंगीवरच धावत आले.

“सूनबाई,” सासरे म्हणाले, “हे काय म्हणतंय?”

“मामंजी,” ताई म्हणाली, “ते विथ रेफरन्स टू युवर लेटर म्हणतंय.”

त्याच आठवड्यात कॉम्प्युटर माहेरी आला.

पेणला घरात टीव्ही नव्हता, कारखान्यात होता. मॅचच्या दिवशी कामगार दांड्या मारतात म्हणून दादाने एक जुना काळापांढरा टीव्ही शेडच्या कोपऱ्यात आणून ठेवला होता. कामगार दांडी मारायचे थांबले आणि कारखान्यातच मॅच बघू लागले. या टीव्हीसमोर एका फळीवर कीबोर्ड ठेवला. ताई दर रविवारी सकाळच्या गाडीने रोह्याहून यायची. वाटेत कासू स्टेशनात मालगाडीला वाट द्यायला गाडी थांबली की तेवढ्यात मांडीवर पर्स ठेवून पर्सवर बोटं चालवायची. समोरची बाई एकदा विचारती झाली, “काय गो, भूतबित झोंबलंय काय?”

कॉम्प्युटर तिला अवघड गेला नाही. चुकलं तर पुसता येतं, यावर तिचा दोन-तीन रविवार विश्वास बसला नाही एवढंच. “खाडाखोड नाय? खोडरबर नाय? नुसतं गेलं?” ती पुनःपुन्हा मुद्दाम चुकायची आणि पुसायची, आणि लहान मुलीसारखी हसायची. पण एक गोष्ट तिला सुटेना. तिचा डावा हात.

ज्यांनी टाइपरायटर पाहिला आहे त्यांना सांगायला नको. ओळ संपत आली की टिंग वाजतं, आणि डाव्या हाताने वरचा दांडा धरून गाडा उजवीकडे ढकलायचा, मग पुढची ओळ. ताईने हे इतक्या वर्षांत इतक्यांदा केलं होतं की तो हात आता तिचा राहिलाच नव्हता, कंपनीचा झाला होता. कीबोर्डला दांडा नाही, गाडा नाही, टिंग नाही. पण ओळ भरली की ताईचा हात तलवारीसारखा वर जायचा, हवेतला दांडा पकडायचा आणि उजवीकडे सणसणीत फटका मारायचा. रोह्याला त्या हाताने दोन कपांचा आणि भावोजींच्या चष्म्याचा बळी घेतला होता. बोटं परत बटणांवर यायची तेव्हा ती घरं चुकलेली असायची आणि पुढची अख्खी ओळ भलतीच उमटायची.

“परीक्षेत असं झालं तर?” ताई म्हणाली.

“साहेब डावीकडं बसला नाय म्हणजे झालं,” मी म्हणालो. तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो. हे वाक्य ध्यानात ठेवा.

पावसाळा लागला. आमच्याकडे पावसाळ्यात जागेला सोन्याचा भाव. मूर्ती वाळत नाहीत, पंख्याखाली, दिव्याखाली, जिथे कोरडी हवा तिथे गणपती. टीव्हीजवळ एक टेबलफॅन होता. एका रविवारी ताई येऊन बसली तर फळीवर तिच्या डाव्या हाताला, अगदी लागून, एक शाडूचा गणपती वाळत ठेवलेला. वीतभर उंच, अजून रंग नाही, डोळ्यांची आखणी नाही. ताईने तिकडे पाहिलंही नाही. लिहू लागली. ओळ भरली. हात उठला.

सोंड टीव्हीवर आपटून माझ्या पायाशी येऊन पडली.

शेडमध्ये पाच-सहा कामगार होते. सगळे हात थांबले. ताईचं तोंड उघडं ते उघडंच. तिने आधी हात कपाळाला लावला, मग मूर्तीच्या पायाला, मग परत कपाळाला, आणि डोळ्यांत पाणी. “दादा, मी काय केलं रे!”

दादा आला. त्याने सोंड उचलली, फुंकली, हातात ओला शाडू घेतला. “काय नाय झालं गो. अजून प्राणप्रतिष्ठा कुठं झालीय? मातीचा गोळा हाय.” बोलता बोलता त्याने सोंड बसवली, बोटाने पाणी फिरवलं, आणि मूर्ती होती तिथेच परत ठेवली.

“इथं नको ना रे!”

“मग कुठं? तुझ्या डोक्यावर? पंख्याची हवा इथंच येते. हा इथंच वाळणार. तू हात सांभाळ.”

पुढे मी ही गोष्ट सांगताना दादाने शिकवण्याची केवढी थोर पद्धत शोधून काढली वगैरे म्हणायचो. खरं म्हणजे त्याला जागा नव्हती, बस. पण तो गोळा मातीचा आहे हे दादाला माहीत असलं तरी ताईच्या हाताला माहीत नव्हतं. ओळ भरली की हात उठायचा, वाटेत गणपती आठवायचा, आणि थबकायचा. थबकला तरी बोटं मूर्तीला ओझरती लागायचीच. आणि देवाला असा चुकून हात लागला की आपण काय करतो? तोच हात छातीला लावतो. ताईही लावायची. उठणं, थबकणं, छातीला हात, परत बटणांवर. पुढच्या रविवारी तसंच. त्याच्या पुढच्या रविवारी पण. मूर्ती वाळली, तरी ताईने ती हलवू दिली नाही. फटका गेला. त्याच्या जागी प्रत्येक ओळीला एक नमस्कार आला. बोटं मात्र आता बरोबर आपापल्या घरी परतायची. कामगारांतला एक म्हणाला, “बाई जप करते का टायपिंग?”

आणि आता दादाचा पराक्रम. शाडूची धूळ बटणांत जाऊन ती अडकू लागली होती. परीक्षा जवळ आलेली. दादाने एका दुपारी, मी बाजारात गेलेला असताना, कारखान्याच्या रीतीने उपाय केला. सगळी बटणं उपटून काढली, बादलीत धुतली, फडक्यावर वाळवली, परत बसवली. कारखान्यात मूर्तीचे हात वेगळ्या साच्यातून निघतात. टोपलीभर हात, कुठलाही उचलावा, त्या मापाच्या कुठल्याही गणपतीला बसतो. दादाने बटणांनाही तोच न्याय लावला. सगळी एकाच मापाची, म्हणजे कुठेही बसणार. बसली. शिवाय त्याच्यातला कलावंत जागा झाला. मी आलो तर दोन बाजूंना ‘ओ’ आणि ‘क्यू’ डोळ्यांसारखे, मधोमध सोंडेसारखा ‘जे’, आणि बारीकसारीक अक्षरं कडेने माळेसारखी.

“कसा दिसतो?” दादाने विचारलं.

“मूर्ती छान झालीय,” मी म्हणालो.

रविवारी ताईबरोबर भावोजी आले, शेवटची पाहणी करायला. चपला बाहेर काढून ते कीबोर्डासमोर बसले, आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधत आपलं नाव लिहिलं. पडद्यावर जे आलं ते नाव ठेवायला कुठलाही बाप धजणार नाही. त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि काचेतून पाहिलेल्या ज्ञानाच्या आधारे निदान केलं.

“संपला. याचं डोकं फिरलंय. एसी नसला की असंच होतं.”

दादाचा चेहरा पडला. “चाचांना काय सांगायचं?”

“मी बघते, उठा,” ताई म्हणाली. बसली. पडद्याकडे बघत तिने खडखडखड एक ओळ लिहिली, गणपतीला नमस्कार केला, दुसरी लिहिली. एकही चूक नाही. भावोजींनी पडद्याकडे पाहिलं, बटणांकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं.

“अगो, खाली अक्षरं तर भलतीच हायेत!”

“असतील,” ताई म्हणाली. “मी कुठं खाली बघते?”

परीक्षेच्या दिवशी दादाही माझ्याबरोबर रोह्याला आला. श्रावणात, ऐन हंगामात, शेडमध्ये शेकडो गणपती डोळ्यांची वाट बघत असताना. “रंगाचे डबे बघायचेत रोह्यात,” असं त्याने कामगारांना सांगितलं. रोह्यात रंगाचे डबे बघायला पेणचा माणूस जातो हे कुणालाही पटलं नाही, पण कुणी बोललं नाही. चाचा त्याच आठवड्यात परत जाणार होते, म्हणून कीबोर्डही बरोबर घेतला. दादाने तो गवतात आणि वर्तमानपत्रात मूर्तीसारखा बांधला आणि मांडीवर घेऊन गाडीत बसला. नागोठण्याला चढलेल्या एका म्हाताऱ्याने आत गणपती आहे असं समजून त्या पुडक्याला हात जोडले. दादाने मान लववून तो नमस्कार स्वीकारला.

संध्याकाळपर्यंत आम्ही बाहेरच्या खोलीत बसून होतो. सासऱ्यांनी टीव्ही लावला नव्हता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

ताई आली. चपला काढल्या, पाणी प्यायली, आणि पदराने तोंड पुसायच्या निमित्ताने हसू लपवलं.

“काय झालं ते बोल ना गो,” दादा म्हणाला.

“आधी फजिती. मला कॉम्प्युटरपुढं बसवलं. मी कीबोर्ड उचलला, स्विच शोधते, तर स्विचच नाय. तुझ्यासारखं वाजवून बघितलं. म्हटलं, साहेब, हा पोकळ हाय.”

“मग?”

“साहेब हसायला लागले. म्हणाले, बाई, कॉम्प्युटर टेबलाखालच्या डब्यात असतो. ती पोरगी पण हसली. म्हटलं, चाललो आपण लेबलं चिकटवायला. मग कागद दिला समोर, लिहा म्हणाले. आणि मोठे साहेब खुर्ची घेऊन बसले ते कुठं?”

दादाने आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

“डावीकडं,” मी म्हणालो.

“डावीकडं! अगदी गणपतीच्या जागेवर. पहिली ओळ झाली, हात गेला वर. साहेब दचकले. पण हात थांबला बरोबर, आला छातीवर. साहेबांनी मान हलवली. दुसरी ओळ, परत तसंच. साहेबांनी पण छातीला हात लावला. तिसऱ्या ओळीला ते सावरून बसले. पत्र संपेस्तोवर बिचारे दर ओळीला नमस्कार घेत होते आणि देत होते.”

“आणि चुका?” भावोजींनी विचारलं.

“एक पण नाय. ती पोरगी पटकन चालू करते, सगळं करते, पण लिहिते तुमच्यासारखी, खाली बघून अक्षर शोधत. तिला स्टोअरला घेतलंय, मालाची नोंद करायला, ती पण खूश. साहेब सगळ्यांपुढं म्हणाले, स्पीड तर आहेच, पण बाईंचे संस्कार बघा. मशीन नवं आलं म्हणून माणसाने वरिष्ठांचा मान सोडू नये.”

“तू सांगितलंस काय, की तो मान कुणाचा होता?” दादाने विचारलं.

“मी कशाला सांगू? माझी खुर्ची राहिली.” आणि मग ताई सगळ्यांदेखत रडली. सासऱ्यांनी उठून टीव्हीचं बटण दाबलं आणि आवाज मोठा केला, तिला रडता यावं म्हणून.

आता उरला निकाल. वस्तू घेण्यासारखी आहे की नाही. ताई स्वयंपाकघरात तोंड धुवायला गेली तशी तिथे आमची गुप्त बैठक बसली आणि एकमताने ठरलं की नाही. टीव्ही खातो, कॅसेट खातो, बटण बंद केलं की सगळं विसरतो, आणि ताईला आता कंपनीचा आहेच. परत द्यायचा. अडचण एकच होती, परत देताना चाचा बटणं बघणार. त्यावर ताई म्हणाली, “मी त्यांच्यासमोर चालवून दाखवते. चालतोय ते बघितल्यावर अक्षरांचं काय नाय वाटणार. मग सांगते, चाचा, नको आम्हाला.”

चाचा आले. दादाने वर्तमानपत्र सोडलं, गवत झटकलं. चाचांनी डोळे बारीक करून बटणांकडे पाहिलं. ‘ओ’ने आणि ‘क्यू’ने त्यांच्याकडे पाहिलं.

“याला काय झालं?”

“चालतो, चाचा, एकदम चांगला चालतो,” दादा घाईने म्हणाला. सासऱ्यांनी न सांगता टीव्ही दिला. ताई बसली. चाचा खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. कुठे बसले ते आता मी सांगत नाही.

“मग पोरी,” चाचा म्हणाले, “तूच सांग. घेणार ना?”

ताई बोटं चालवत होती. “सांगते हं, एवढी ओळ होऊ दे,” म्हणाली. ओळ झाली. डावा हात उठला, चाचांच्या खांद्यापाशी थबकला, आणि सावकाश येऊन छातीवर टेकला.

चाचांचा चेहरा उजळला. त्यांनी आपला हात छातीवर ठेवला, मान झुकवली. “बस, बस, समजलो! मुबारक हो! तुझ्याकडं हाय म्हणजे चांगल्या घरी पडला.” उठून त्यांनी दादाला मिठी मारली, भावोजींना मारली, सासऱ्यांना मारली, आणि मिठाई आणायला गेले.

ताईचा हात अजून छातीवरच होता. ‘नको’ हा शब्द तिच्या तोंडात तयार होता, आम्हाला दिसत होता. मिठाई आली आणि तिच्याबरोबर तो शब्द तिने गिळला.

तेव्हापासून तो कॉम्प्युटर आमचा आहे.